हवेचे वजन करणारा पास्कल



उन्हाळा लागला, विहिरीचं पाणी खाली गेलं, की शेतकरी मोटार विहिरीत खाली उतरवतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. काठावरची मोटार चालू होते, घरघर आवाज करते, पण पाणी काही येत नाही. मोटार बिघडलेली नसते. फूटव्हॉल्व्ह चांगला असतो, पाइपाला कुठे भोक नसतं. तरीसुद्धा पाणी वर चढत नाही. मग चार-सहा माणसं दोर लावून ती मोटार खालच्या टप्प्यावर नेऊन बसवतात आणि पाणी सुरू होतं. असं का होतं, ह्याचं उत्तर ज्याने सगळ्या जगाला पटवून दिलं त्या माणसाची हकिगत मी ह्या अंकात सांगणार आहे. त्याचे नाव ब्लेझ पास्कल.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्स देशातील क्लेरमाँ ह्या गावी झाला. म्हणजे आपल्या शिवाजीमहाराजांपेक्षा तो सात वर्षांनी मोठा. तो तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. थोरली बहीण जिल्बेर्त, धाकटी जाकलीन आणि मधला ब्लेझ, अशा तीन लेकरांना वडिलांनीच वाढवले. वडील एत्येन हे सरकारी अधिकारी होते आणि गणितातही चांगले जाणकार होते. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा सगळे कुटुंब पॅरिसला राहायला आले.

आता एक गंमत ऐका. पास्कल कधीही शाळेत गेला नाही. वडिलांनीच त्याला घरी शिकवले. (म्हणून उद्यापासून कोणी हजेरी बुडवायची नाही हं! तुमच्या घरी एत्येन पास्कल नाहीत.) मुलाची प्रकृती नाजूक, म्हणून आधी भाषा शिकू दे, गणित मागाहून, असा वडिलांचा बेत होता. गणिताची पुस्तकं त्यांनी कुलपात ठेवली. पण नको म्हटलं की मुलांना तेच हवं असतं. बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने फरशीवर आकृत्या काढीत बसायचा. वर्तुळ, रेषा हे शब्दसुद्धा त्याला माहीत नव्हते. वर्तुळाला तो गोल म्हणायचा आणि रेषेला दांडी. असं करता करता त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात, इथपर्यंत तो आपला आपण जाऊन पोचला. ही हकिगत त्याच्या थोरल्या बहिणीने लिहून ठेवली आहे. बहिणीने भावाबद्दल लिहिताना थोडं कौतुक जास्त केलं असेलही. पण सोळाव्या वर्षी त्याने भूमितीवर जो निबंध लिहिला तो मोठ्या गणितज्ञांनी वाचला, हे मात्र अगदी खरं.

मध्यंतरी घरावर मोठं संकट आलं. सरकारी कर्जरोख्यांच्या व्याजावरून लोकांनी तक्रार केली, त्यात एत्येन पुढे होते. सरकारची मर्जी गेली आणि १६३८ साली त्यांना लपून राहावं लागलं. तेव्हा तेरा वर्षांच्या जाकलीनने मुख्यमंत्री रिशल्यू ह्यांच्यापुढे एका नाटकात काम केलं आणि बक्षीस म्हणून वडिलांसाठी माफी मागून घेतली. पुढे सरकारने एत्येन ह्यांना रुआँ ह्या शहरात कर वसुलीच्या कामावर नेमलं.

रुआँला हिशेबांचे ढीग पडत. त्या काळच्या फ्रेंच नाण्यांत बारा दनिएंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र. आपल्या आजोबांना विचारा, रुपये-आणे-पैची बेरीज किती डोकं खायची! वडील रात्र रात्र जागून आकडेमोड करतात हे पाहून अठरा-एकोणीस वर्षांच्या ब्लेझने १६४२ मध्ये बेरजेचे यंत्र करायला घेतले. एक चाक पुरे फिरले की शेजारचे चाक आपोआप एक घर पुढे सरकायचे. म्हणजे हातचा घेण्याचं काम यंत्रच करणार. सुमारे पन्नास नमुने करून मोडले, तेव्हा कुठे ते त्याच्या मनासारखे झाले. त्यातली काही यंत्रे आजही युरोपात जपून ठेवलेली आहेत. ह्याच वयापासून त्याची तब्येत मात्र ढासळली. अठराव्या वर्षानंतर दुखण्याशिवाय एक दिवस गेला नाही, असं तो घरच्यांना सांगे.

आता आपल्या विहिरीकडे येऊ. त्या काळीही पंप होते. इटलीतल्या पंप करणाऱ्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होतं, की वरून ओढणारा पंप पाण्याला सुमारे दहा मीटर, म्हणजे चौतीस फुटांच्या वर काही आणू शकत नाही. पंप कितीही चांगला असो. गॅलिलिओनेही १६३८ च्या आपल्या पुस्तकात ह्या गोष्टीचा उल्लेख केला आहे. पण कारण? जुने पंडित म्हणत, निसर्गाला पोकळी खपत नाही. दट्ट्या वर गेला की खाली पोकळी होऊ लागते, ती भरायला पाणी धावतं. मग चौतीस फुटांवर निसर्गाची ही नावड एकदम कशी संपते? ह्याला कोणाकडे धड उत्तर नव्हतं.

गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली ह्याने १६४३-४४ च्या सुमारास एक युक्ती केली. दहा मीटरची नळी सांभाळणं कठीण, म्हणून पाण्याऐवजी त्याने पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहूनही जड. एका टोकाला बंद असलेली सुमारे मीटरभर लांबीची काचनळी पाऱ्याने भरली, तोंडावर बोट ठेवलं आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. बोट काढलं तर सगळा पारा सांडला नाही. तो थोडा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर नळीत रिकामी जागा राहिली. आता ७६ ला १३.६ ने गुणा बघू पाटीवर. १०३३ सेंटिमीटर येतात ना? म्हणजे तेच सुमारे चौतीस फूट! टॉरिसेली म्हणाला, आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्यावर आपला भार टाकते आणि तो भार नळीतल्या पाऱ्याला तोलून धरतो. आत कोणी ओढत नाही, बाहेरून ढकललं जातं.

(पारा पाहायला सुंदर असतो, पण त्याची वाफ विषारी असते. त्या काळच्या लोकांना हे नीट ठाऊक नव्हतं. थर्मामीटर फुटला तर पाऱ्याला हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा.)

ही बातमी १६४६ मध्ये रुआँला पोचली. पास्कल तेव्हा तेवीस वर्षांचा. वडिलांबरोबर त्याने तो प्रयोग करून पाहिला. पण विरोधक म्हणत, वरची जागा रिकामी कशावरून? पाऱ्याची वाफ तिथे भरलेली असेल आणि तीच पाऱ्याला खाली दाबत असेल. पास्कल वाद घालत बसला नाही. रुआँला काचेचे उत्तम कारखाने होते. त्याने तब्बल ४६ फूट लांबीच्या काचनळ्या करवून घेतल्या आणि जहाजाच्या डोलकाठीला बांधून उभ्या केल्या! एका नळीत पाणी भरलं, दुसरीत तांबडी द्राक्षाची दारू. दारू अशासाठी, की तिची वाफ पाण्यापेक्षा लवकर होते. वाफच जर दाबत असेल, तर दारू पाण्यापेक्षा जास्त खाली उतरायला पाहिजे. जमलेल्या लोकांकडून त्याने आधी हे कबूल करून घेतलं. मग नळ्यांची तोंडं उघडली. आणि दारू पाण्यापेक्षा थोडी वरच राहिली! दारू पाण्याहून हलकी, म्हणून तेवढाच भार तोलायला तिचा खांब थोडा उंच लागतो. मला ह्या प्रयोगात काय आवडतं सांगू? उत्तर दिसण्याआधीच त्याने दोन्ही पक्षांना आपापलं उत्तर सांगायला लावलं. मागाहून कोणाला बोलणं फिरवता येऊ नये!

तरी सगळ्यांचं समाधान झालं नाही. तेव्हा पास्कलने विचार केला, की हवा जर वजनाने दाबत असेल तर डोंगरावर तिचा दाब कमी भरला पाहिजे. कारण डोंगरमाथ्यावर आपल्या डोक्यावर हवेचा थर कमी उरतो. निसर्गाला पोकळीची नावड असली, तर ती पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी कशी असेल? म्हणजे पारा डोंगरावर नेला की खऱ्याखोट्याचा निकाल लागणार. देकार्त हा मोठा तत्त्वज्ञ ह्याच दिवसांत पास्कलला भेटून गेला होता, आणि ही कल्पना आपणच सुचवली असं तो पुढे म्हणू लागला. कोणाला आधी सुचलं कोण जाणे. पण नळी डोंगरावर कोणी चढवली, ह्याबद्दल वाद नाही.

अडचण अशी, की पॅरिसजवळ उंच डोंगर नाही आणि पास्कलला चढवतही नव्हतं. पण त्याच्या जन्मगावाजवळ प्यूई द डोम हा थंड झालेला ज्वालामुखी आहे. उंची १४६५ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटका. आणि गावात राहत होते जिल्बेर्तचे यजमान, फ्लोरँ पेरिये. पास्कलने १५ नोव्हेंबर १६४७ रोजी मेहुण्यांना सविस्तर पत्र लिहिलं आणि सगळा प्रयोग कळवला. पेरियेंची नोकरी फिरतीची, त्यात हिवाळ्याचं बर्फ आणि धुकं. दहा महिने गेले.

शेवटी १९ सप्टेंबर १६४८, शनिवार उजाडला. पहाटे डोंगराचं शिखर दिसलं तसे पेरिये तयारीला लागले. गावातले काही पाद्री, एक डॉक्टर, काही प्रतिष्ठित माणसं साक्षीला घेतली. सकाळी आठ वाजता गावातल्या मठाच्या बागेत त्यांनी एकाच पाऱ्याने दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा अगदी सारखा उभा राहिला, आजच्या मापाने सुमारे ७१ सेंटिमीटर. (गावच उंचावर आहे, म्हणून ७६ नाही.) एक नळी तिथेच ठेवली आणि एका पाद्रीबाबांना बसवलं, की दिवसभर हिच्यावर नजर ठेवा. हे का केलं असेल? विचार करा. दिवसात हवा बदलली आणि पारा आपोआप उतरला, तर तो डोंगरामुळे उतरला असं वाटायचं. म्हणून खाली पहारा!

दुसरी नळी आणि पारा घेऊन मंडळी डोंगर चढली. माथ्यावर नळी उभी केली. पारा सुमारे ६३ सेंटिमीटरवर थांबला! आठ सेंटिमीटरांहून जास्त फरक. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पण पेरिये पक्के होते. माथ्यावर एक छोटं देऊळ होतं. त्याच्या आत प्रयोग केला, बाहेर उघड्यावर केला, आडोशाला केला, वाऱ्यात केला, धुकं आलं तेव्हाही केला. पाचही वेळा तेच. उतरताना मध्यावर मोजलं तर ६८ च्या जवळ, म्हणजे दोन्हींच्या मधलं. खाली मठात आले तर पाद्रीबाबा म्हणाले, पारा सकाळपासून जागचा हललेला नाही. वरून आणलेली नळी तिथे पुन्हा भरून पाहिली, तर ती पूर्वीसारखीच ७१ वर आली.

पास्कलला पॅरिसमध्ये ही बातमी मिळाली तेव्हा त्याने लगेच तिथल्या सेंट जाक चर्चच्या सुमारे पन्नास मीटर उंच मनोऱ्यावर स्वतः प्रयोग केला. तिथेही चार-साडेचार मिलिमीटर फरक सापडला. चर्च आता नाही, पण मनोरा उभा आहे आणि त्याच्या तळाशी पास्कलचा पुतळा आहे.

तर आपली मोटार पाणी ओढत नाही, बरं का! ती फक्त पाइपातली हवा काढून टाकते. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा बसलेली असते, ती पाण्याला पाइपात ढकलते. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो, एवढाच तिचा जोर. त्या जोरावर पाणी फार तर चौतीस फूट चढणार. आपलं गाव समुद्रापेक्षा उंच, पाइपाचं घर्षण, कुठे बारीक गळती, ह्यामुळे प्रत्यक्षात पंचवीस फुटांच्या आसपासच गाडी अडते. त्याच्या खाली पाणी गेलं की दहा हॉर्सपॉवरची मोटार काठावर बसवली तरी व्यर्थ. मोटारीलाच पाण्याकडे जावं लागतं. एकदा पाणी मोटारीपर्यंत आलं की पुढे मात्र ती त्याला हवं तेवढं वर ढकलू शकते.

मग बोअरचा हापसा दीडशे फुटांवरचं पाणी कसं काढतो? त्याचा दट्ट्या वर नसतोच. तो खाली बोअरमध्ये पाण्यात बुडालेला असतो, लोखंडी कांब्यांनी वरच्या दांड्याला जोडलेला. तो पाणी अंगावर घेऊन उचलतो. ह्या बाबतीत आपल्या सोलापूरचं नाव मोठं आहे. सोलापूरला तयार झालेल्या मजबूत हापशावरूनच पुढे १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला आणि देशभर, परदेशातही गेला.

तुमच्या तळहाताएवढ्या जागेवर हवा जवळजवळ धान्याच्या एका पोत्याइतका भार टाकते. हात मोडत कसा नाही? कारण ती वरून दाबते तशी खालूनही दाबते, आणि शरीराच्या आतही तेवढाच दाब असतो. घरी हा प्रयोग करा. पेला पाण्याने काठोकाठ भरा, त्यावर जाड पुठ्ठा ठेवा, हाताने धरून पेला पालथा करा आणि हात काढा. पाणी पडत नाही. दहा सेंटिमीटर उंच पाणी पुठ्ठ्याच्या एका चौरस सेंटिमीटरला फक्त दहा ग्रॅमने खाली दाबतं आणि हवा हजार ग्रॅमने वर ढकलते. कोण जिंकणार, तुम्हीच सांगा. (प्रयोग मोरीत करा, आईच्या स्वयंपाकघरात नको.)

पास्कलने पाण्याच्या दाबाचाही असाच पिच्छा पुरवला. भांडं रुंद असो, अरुंद असो, वाकडं असो, तळाचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी किती आहे ह्यावर नाही. म्हणून तर पाण्याची टाकी खांबांवर बांधतात. खालच्या आळीत तोटीला जोर असतो आणि वरच्या आळीत बारीक धार येते. त्यावरून भांडणं होतात, पण त्यात पाणी सोडणाऱ्याचा दरवेळी दोष नसतो. पिंपाला लांब बारीक नळी लावून तांब्याभर पाण्याने पिंप फोडल्याची गोष्ट पास्कलच्या नावावर सांगतात. तत्त्व खरं आहे, पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात ती गोष्ट नाही. म्हणून मी ती त्याच्या चरित्रात घालत नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १६५१ मध्ये वडील वारले. जाकलीन मठात जोगीण झाली. १६५४ च्या नोव्हेंबरात एका रात्री पास्कलला देवाचा काही विलक्षण अनुभव आला. तो त्याने कागदावर लिहिला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. मेल्यानंतर नोकराला तो कागद सापडला. त्यानंतर त्याचे मन धर्माकडे जास्त वळले.

तरी व्यवहाराची अक्कल शाबूत होती. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतून घोड्यांच्या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, पाच सू भाडं. माणसं असोत नसोत, गाडी सुटणार. आपल्या एस.टी.चीच ही पणजी म्हणा! मात्र शिपाई आणि मजूर ह्यांना तिच्यात बसायला सरकारने मनाई केली, हे मला मुळीच पटलेलं नाही. त्या वर्षी ब्लुआ भागात दुष्काळ पडला होता, तेव्हा गाड्यांच्या फायद्यातला आपला वाटा आगाऊ घेऊन तिकडच्या गरिबांना पाठवायची पास्कलची खटपट चालली होती.

त्याने एका गरीब कुटुंबाला स्वतःच्या घरात आसरा दिला होता. त्यातल्या मुलाला देवी आल्या. जिल्बेर्त भावाची सेवा करायला रोज येत असे आणि तिची मुलं लहान. आजारी मुलाला दुसरीकडे हलवा, असं कोणीही सुचवलं असतं. पण त्या पोराला हलवण्यात धोका होता. पास्कल स्वतः इतका आजारी, तरी त्याने आपलं घर त्या मुलाला ठेवलं आणि आपण बहिणीच्या घरी निघून गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्याचा अंत झाला. वय फक्त ३९.

द्रवांचा दाब आणि हवेचे वजन ह्यांवरचे त्याचे दोन लेख कपाटात पडून होते. ते १६६३ मध्ये छापून निघाले. त्यात त्याने पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचे वजन काढले आहे, आठावर अठरा शून्यं देऊन होतात त्याहून थोडे जास्त पौंड. आजच्या हिशेबाच्या जवळजवळ चार पंचमांश! काचनळी आणि गुणाकार, एवढ्यावर. आणि त्यातच लिहिलं आहे, की पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन दट्टे बसवा, एक दुसऱ्याच्या शंभर पट मोठा. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावील तर मोठ्यावर शंभर माणसांना तोलून धरील. कारण बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हे वाचून कोणी यंत्र केलं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं गेली आणि १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाने तसा दाबयंत्राचा शोध नोंदवला. ऊस नाहीतर मुरूम भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मागे कलंडते ना, तिच्याखालच्या जाड नळकांड्यात तेल असतं. पुढच्या वेळी ट्रॉली रिकामी होताना लांब उभे राहून नीट बघा, ड्रायव्हर फक्त एक दांडा ओढतो.